नाकाला लावायचा बूट

मी बूट बोलतोय. डाव्या पायाचा. माझा मान वाढल्यापासून उजव्याच्या पोटात दुखतं, त्यामुळे आमचं बोलणं बंद आहे.

माझा जन्म आग्र्याचा, चामडं अस्सल. मला हिंदी मुलखात, बरखेड्याच्या क्वार्टरमध्ये आणलं विश्वासने. तो कारखान्यात ड्राफ्ट्समन. संध्याकाळी मराठी मंडळाच्या नाटकाच्या तालमीला आम्हालाच घालून जायचा. मग त्याला फिट येऊ लागल्या. पहिल्याच वेळी शेजारचे नरहरकाका ओरडले, "वहिनी, बूट हुंगवा!" विश्वासच्या आईने, वासंतीबाईंनी, मला त्याच्या नाकाला लावलं. थोड्या वेळात फिट थांबली. ती आपोआप थांबते हे मला काय ठाऊक? मी स्वतःला धन्वंतरीच समजू लागलो. माझं ठाणं थेट पलंगाच्या उशाशी आलं. पॉलिशही बंद, गुण जाईल म्हणून!

गोळ्यांनी फिट कमी झाल्या, पण विश्वासची तालीम सुटली. कामावरून आला की भिंतीकडे तोंड करून पडायचा. वासंतीबाई कौतुकाने सांगायच्या, "अगदी शांत झालाय हो आता."

दवाखान्यात मीही जायचो, पिशवीतून. एका खेपेला नव्या डॉक्टरीणबाई होत्या. फिटच्या प्रत्येक पेशंटला त्या मनाचंही विचारत.

"विश्वासजी, मन उदास रहता है?"

"नहीं जी, मजे में है," वासंतीबाई म्हणाल्या.

"भूख लगती है?"

"दो पोळी खाता है. तिसरी मैं वाढती हूँ."

"नींद?"

"दोपहर को भी सोता है!"

डॉक्टरीणबाईंनी हसून त्यांना चहाला पाठवलं. पिशवी खुर्चीखालीच राहिली. पुन्हा तेच प्रश्न. या वेळी उत्तर विश्वासने दिलं.

"फिट तो कभी-कभी आती है, डॉक्टर. ये तो रोज़ है. जीने का मन ही नहीं करता."

इतकी वर्षं नाकाशी राहून त्याचा हा आवाज मी ऐकला नव्हता.

उपचार ठरले. वासंतीबाईंना बोलावून सगळं समजावलं. फिट आली तर कुशीवर वळवायचं, बूट नको. त्या रडल्या. मग डोळे पुसून विचारलं, "और मन के लिए क्या सुँघाना?"

"कुछ नहीं. बस पूछिए, और जवाब उसे देने दीजिए."

तेव्हापासून वासंतीबाई रोज विचारतात आणि लगेच स्वतःच्या तोंडावर पदर धरतात, उत्तर निसटू नये म्हणून.

मी आता दाराशी असतो, उजव्याच्या शेजारी. तुम्हाला हात जोडून, म्हणजे नाड्या जोडून, एकच सांगतो: आम्हाला पायात घाला, नाकाला लावू नका.

काल वासंतीबाईंनी विचारलं, "आज कसं वाटतंय रे?"

"आज नाही बरं वाटत, आई," विश्वास म्हणाला. "पण तालमीला जाऊन येतो."

आणि त्याने माझ्यात पाय घातला.