मोनिकाच्या मापाचं

मोनिका नऊ वर्षांची. जन्मापासून हातपाय ताठ, बोलणं अडखळत; पण समजायचं सगळं, कधीकधी नको तेवढं. मिरजगावजवळच्या दिव्यांग मुलांच्या शाळेत तिला घेतलं, तेव्हा तिच्या आईला, दीपाला वाटलं, पोरीचं काहीतरी मार्गी लागलं. दीपा आडतीवर कांदा निवडायला जायची. पोरगी शाळेत असली तरच तिचे हात मोकळे.

दुसऱ्याच आठवड्यात शाळेतल्या बाईंनी सांगितलं, "डायपर लावूनच पाठवत जा. आमच्याकडे बदलायला माणूस नाही."

एवढ्या मुलीच्या मापाचं डायपर मेडिकलात मिळायचं, पण रोजंदारीत ते कुठून झेपणार? दीपा जुन्या लुगड्याच्या घड्या बांधून पाठवायची. त्या भिजल्या की पोरगी घरी परत.

म्हणून गावातले पुढारी गोरक्षभाऊ यांच्या मंडळाने मोफत डायपर वाटायचं जाहीर केलं, तेव्हा दीपाने मोनिकाचं नाव, वय, वजनसुद्धा लिहून दिलं. वाटपाच्या दिवशी खाडा करून तिला कडेवर घेऊन गेली. कार्यक्रम दहाचा, पाहुणे आले एकला. गोरक्षभाऊंनी सगळ्यात आधी मोनिकालाच स्टेजवर घेतलं.

"ही बघा आपली मोनिका," ते माईकवर म्हणाले. "नऊ वर्षांची झाली, तरी बिचारीचं अजून कपड्यातच होतं!"

टाळ्या पडल्या. मोनिकाने मान खाली घातली. फोटोवाल्याने हनुवटी धरून ती वर केली.

घरी येऊन पुडा फोडला, तर आत तान्ह्या बाळाची डायपरं. दीपा तशीच माघारी गेली. मांडव उतरत होता.

"भाऊ, हे तिच्या मांडीला बी पुरायचं न्हाई. मी वजन लिहून दिलं हुतं."

"ताई, देणाऱ्याने दिलं ते आम्ही वाटलं. होत नसेल तर एखाद्या गरजूला द्या."

"आन् मी कोन हाय मग?"

भाऊ फोन कानाला लावून बाजूला झाले.

दीपाने दोन-दोन डायपरं चिकटपट्टीने जोडून पाहिली. तासाभरात सुटायची. फोटो मात्र भाऊंच्या त्या वाक्यासकट शाळेपर्यंत पोचला, आणि शाळेच्या रिक्षातली पोरं मोनिकाला 'कपड्यातच' म्हणून हाक मारायला लागली.

मग एकाएकी मोनिका कोरडी राहू लागली. "बघा, लागली की नाही सवय!" बाई म्हणाल्या. दीपाने त्या दिवशी आळीत साखर वाटली.

एप्रिल अर्धा सरला आणि पोरीला ताप भरला. अंग नुसतं भाजत होतं.

"लघवीत जंतू झालेत," डॉक्टर म्हणाले. "पाणी पीत नाही का ही?"

पाण्याची बाटली रोज भरलेलीच घरी यायची. दीपाला वाटायचं, शाळेत पुन्हा भरून देत असतील.

"का गं माय, पानी का पीत न्हाईस?"

मोनिकाने बराच वेळ ओठ जुळवले. "पानी प्यालं... की मग... माईकवर... सांगत्यात."

ताप उतरल्यावर दीपाने तिचं नाव शाळेतून काढलं. बाई हळहळल्या, "आता कुठे सवय लागली होती हो!"

"सवय न्हाई बाई. धसका घेतलाय तिनं."

आता आडतीच्या एका कोपऱ्यात, गोणपाटावर, मोनिका दिवसभर पडून असते. थोड्या थोड्या वेळाने दीपा कांदा सोडून उठते, पेला तिच्या ओठाला लावते. मोनिका दात घट्ट मिटून घेते. इकडेतिकडे बघते. कुणी पाहत नाही अशी खात्री झाली, की एक घोट घेते.