काकासाहेबांच्या सिनेमाच्या मशीनचं दुखणं

कुंभार पिंपळगावात महेमूदचं नाव होतं ते शिलाई मशीनचा मिस्त्री म्हणून. आठवडी बाजारात तो पोतं अंथरून बसायचा आणि पंचक्रोशीतले शिंपी आपली मशीनं डोक्यावर घेऊन त्याच्यापुढे रांग लावायचे. म्हणून दिवाळीच्या दिवशी दुपारी गावातल्या मोठ्या घरच्या काकासाहेबांचं बोलावणं आलं तेव्हा त्याला वाटलं, सणाच्या चोळ्या अडल्या असतील. पण पुढ्यात ठेवलं गेलं ते हातानं फिरवायचं सिनेमाचं मशीन.

हे मशीन काकासाहेबांनी आठ वर्षांपूर्वी हैदराबादेहून आणलं होतं. घरच्या घरी सिनेमा दाखवायचा, मोटारीच्या बॅटरीवर दिवा लावायचा आणि दांडा काकासाहेबांनी स्वतः फिरवायचा, असा रिवाज होता. आज नवे जावई पहिल्या दिवाळसणाला येणार होते. सकाळी चालवून पाहिलं तर आधी दिवाच लागेना, लागला तेव्हा चित्र उड्या मारू लागलं आणि शेवटी फिल्म अडकून टरकन फाटली.

"मिस्त्री, संध्याकाळच्या आत चालू झालं पाह्यजे," काकासाहेब म्हणाले. "आन् कुणी बिघडवलं, ते मला ठाव हाये."

कोण, ते सांगायची गरज नव्हती. खांबाला टेकून कडूबा उभा होता, वीस वर्षांपासून घरात राबणारा जुना गडी. मशीनच्या कपाटाची चावी त्याच्या करदोड्याला असायची. चावी त्याच्याकडे, म्हणजे मशीनशी खेळला तोच, असा काकासाहेबांचा सरळ हिशोब होता. त्यांनी सकाळीच सांगून टाकलं होतं की आज सणाचं जेव आणि उद्या आपली वाट धर.

"म्या फकस्त पुसलं, मालक. तेबी भायेरून," कडूबा म्हणाला. त्याला धरायला दुसरी वाट नव्हती. आई-बाप गेले होते, लग्न झालं नव्हतं, जे काय होतं ते याच घरात. महेमूदला त्याच्याकडे पाहवेना, म्हणून तो कामाला लागला.

आधी दिवा. बॅटरीच्या टोकांवर पांढरी भुकटी साचली होती. ती त्यानं खायच्या सोड्याच्या पाण्यानं धुतली, तारा खरवडल्या, दिवा झक्क पेटला. काकासाहेब खुर्चीत बसून "हे पिळा, ते सोडा" असं उंटावरून शेळ्या हाकत होते. मग चाकावरचा स्प्रिंगचा पट्टा सैल दिसला. त्याचे दोन वेढे कापून महेमूदनं तो ताणून बसवला. फाटकी फिल्म घालून दांडा फिरवला. चित्र तरी उड्या मारतच होतं.

महेमूद पाठ भिंतीला लावून बसला आणि विचार करू लागला. सिनेमातलं त्याला काही कळत नव्हतं, पण शिवण कळत होती. शिलाई मशीनमध्ये सुई कापडात असते तेव्हा कापड थांबतं, सुई वर गेली की खालचे दाते ते पुढे ढकलतात. इथंही तसंच असणार. चित्र भिंगासमोर पळभर थांबतं, मग एक बारीक पोलादी नख फिल्मच्या भोकात शिरून तिला खाली ओढतं. म्हणजे दुखणं नखापाशी.

त्यानं भिंगामागची झडप उघडली. आत लाल लगदा. घासलेटात भिजवलेल्या मलमलीनं तो पुसला आणि बांबूच्या काडीनं नखाची खाच कोरली. लोखंडी सुई घातली तर ओरखडा पडतो. काडीबरोबर एक तांदळाचा दाणा बाहेर आला. मग दुसरा. दोन्ही कुंकवानं लाल.

महेमूदला हसूच आलं. दसऱ्यानंतरचे पंधरा दिवस म्हणजे त्याचा हंगाम असायचा. खंडेनवमीला शिंपी मशीनची मनोभावे पूजा करायचे आणि मग पंधरवडाभर तो त्यांच्या मशीनांतून अक्षदा वेचत बसायचा. पण गिऱ्हाइकाला कधी सांगायचा नाही. गिऱ्हाइकाच्या भक्तीला नावं ठेवू नयेत, ही अब्बांची शिकवण. "धूळ गेल्ती आत," एवढंच म्हणायचं आणि वाटेला लागायचं.

आजही ते शब्द ओठांवर आले होते. तेवढ्यात त्याच्या ध्यानात आलं की या घरात धूळ पुसायचं काम कडूबाचं. धूळ म्हटलं की चोर सोडून संन्याशाला फाशी. मोठ्या माणसाला तोंडावर चूक दाखवायची महेमूदला भीती वाटत होती, चांगलीच वाटत होती. तरी त्यानं दाणे तळहातावर घेतले.

"मालक, खंडेनवमीला याची पूजा झाल्ती का?"

"म्हंजे काय, दरसाल मीच करतो," काकासाहेब अभिमानानं म्हणाले. "यंदा तर झडप उघडून पार आतपर्यंत कुंकू-अक्षदा वाह्यल्या. जावयासमोर बराबर चालावं म्हणून."

महेमूदनं तळहात पुढे केला. काकासाहेबांनी दाणे पाहिले आणि त्यांची मान हळूहळू खाली गेली. दारात फराळाचं ताट घेऊन उभ्या असलेल्या त्यांच्या आई, द्वारकाबाई, म्हणाल्या, "आरं, सुनेच्या कपाळाला कुंकू लावतेत. डोळ्यात घालतेत का?"

काकासाहेब उठून आत गेले.

दिवेलागणीला अंगणात पांढरं धोतर ताणलं गेलं. जावई आले, पाहुणे बसले. काकासाहेब दांड्यापाशी आले, घुटमळले आणि म्हणाले, "कडूबा, आज तू फिरव."

"मला येत न्हाई, मालक," कडूबा म्हणाला. "म्या दांड्याला कधी हातच लावला न्हाई."

त्यात कुरकुर नव्हती, टोमणा नव्हता. म्हणूनच ते काकासाहेबांना फार लागलं.

महेमूदनं कडूबाचा हात दांड्यावर ठेवला. "एक-दोन, एक-दोन, मोजत राह्यचं. थांबायचं बिलकुल न्हाई. थांबला की दिव्याच्या आंचेनं फिल्म जळंल."

कडूबा मोठ्यानं मोजू लागला. घाबरून इतका भरभर फिरवू लागला की धोतरावर फिल्ममधले पोळ्याचे बैल घोड्यासारखे उधळले आणि अंगणात हशा पिकला. मग हात बसला. बैल सावकाश चालू लागले, चित्र खांबासारखं स्थिर झालं.

काकासाहेब त्याच्या शेजारी येऊन उभे राहिले. "कडूबा," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "माझं चुकलं. तू कुठंबी जायचं न्हाई."

कडूबाचे डोळे भरून आले. एक हात दांड्यावर, दुसऱ्यानं मशीन धरलेलं, पुसायला हात मोकळा नव्हता. धोतरावरची नजर न काढता तो म्हणाला, "जरा मंग बोला, मालक. मोजणी चुकंल."

वीस वर्षांत त्यानं मालकाला पहिल्यांदाच गप्प बसवलं होतं. काकासाहेब त्याच्याबरोबर हळू आवाजात एक-दोन, एक-दोन मोजू लागले.