मागच्या दाराचं हँडल

खिळ्यावरची किल्ली खुळखुळली. दुपारचे अडीच वाजले होते. थोपटून थोपटून मनवाला आत्ताच कुठे झोप लागली होती आणि प्रितीचा चहा अजून गाळायचाच होता.

"बाबा, डॉक्टरांनी चारची वेळ दिलीय," ती दबक्या आवाजात म्हणाली. "परळला जायचंय, पनवेलला नाही."

"टायर बघायचे असतात. गाडीखाली बघायचं असतं. आरसे लावायचे असतात." बुधाजी चप्पल घालूनच उभे होते. "बसली आणि निघाली, असं नसतं गाडीचं."

तोवर मनवा उठून बसली होती. गालावर चटईच्या रेघा, केस एका बाजूला चपटे. प्रितीने चहाखालचा गॅस बंद केला. असा बंद केलेला चहा परत कधी प्यायला जात नाही, हे तिला सहा वर्षांच्या आईपणाने शिकवलं होतं.

बुधाजी तिचे सासरे. चाळीस वर्षं काळी-पिवळी चालवली, एकदाही कुणाला धक्का लागला नाही, आणि हे ते दिवसातून एकदा तरी सांगत. काल त्यांचा डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला होता. पट्टी आज निघायची होती. नवऱ्याची, राजरत्नची, विमानतळावर ड्यूटी, शनिवारची रजा मिळेना. टॅक्सीने जाऊ म्हटलं तर टॅक्सीवाला दुसऱ्या टॅक्सीवाल्याच्या मागे बसत नाही, असं बुधाजींचं म्हणणं. उरली प्रिती आणि तिचं चार महिन्यांचं लायसन.

नायगावातून गाडी बाहेर पडायच्या आत परीक्षा सुरू झाली.

"मागे कोण?"

"पांढरी गाडी."

"पांढऱ्या गाड्या पन्नास असतात. आत किती माणसं?"

"बाबा, मी गाडी चालवतेय. शिरगणती नाही करत."

"शिरगणतीच करायची असते. पुढे कोण, मागे कोण, बाजूला कोण, आणि त्याचा हात कुठे आहे. दारांना लॉक?"

"आहे."

"मागच्या?"

"मनवा, तुझं दार बंद आहे का गं?"

"आहे," मनवा म्हणाली. "आजोबांनी खाली दोनदा बघितलं. मी पण एकदा बघितलं."

सिग्नलला प्रिती थांबली तर म्हातारा पुढे झुकला. एकाच डोळ्याने काचेतून बघत म्हणाला, "पुढच्याची मागची चाकं दिसतायत का? रस्त्याला टेकलेली दिसली पाहिजेत. दिसली तर निसटायला जागा आहे. नाहीतर पिंजऱ्यातला उंदीर."

"दिसतायत."

"पुरी?"

"पुरी दिसतायत, बाबा. नंबर प्लेटवरची धूळसुद्धा दिसतेय."

मागून मनवा खुदकन हसली. प्रितीला मात्र हसू आलं नाही. मान आखडली होती. हा माणूस बाजूला बसला की तिला स्वतःचे हातपाय परक्याचे वाटायला लागत.

हिंदमाता चौकाच्या पुढे रस्ता तुंबला. दहा मिनिटांत गाडी गाडीभर सरकली. गिरणीच्या जुन्या भिंतीलगत एक गल्ली पलीकडे निघते, हे तिला मनवाच्या नाचाच्या क्लासमुळे माहीत होतं. तिने इंडिकेटर दिला.

"मोठा रस्ता सोडू नकोस," बुधाजी म्हणाले. "शनिवारी तिथे माणूस नसतो. ऑफिसं बंद."

"म्हणूनच तर."

त्यांनी तोंड उघडलं आणि तिने गाडी वळवली. खरं सांगायचं तर वेळ वाचावा म्हणून कमी आणि त्यांचं तोंड बंद व्हावं म्हणून जास्त.

गल्ली रिकामी होती. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला काचेच्या इमारतीची मागची बाजू. अर्ध्यावर पुढे एक स्कूटर आडवी आली आणि बंद पडली. चालवणारा किक मारत बसला. प्रिती थांबली. जरा लांबच थांबली, त्याच्या स्कूटरची दोन्ही चाकं दिसतील इतकी. गाडी थांबता थांबताच डावीकडे धप्प आवाज झाला, आणि कुणीतरी किंचाळलं, "पाय, माझा पाय."

प्रितीचा पाय ब्रेकवर गोठला. डाव्या बाजूला एक माणूस खाली बसलेला, त्याचं नुसतं डोकं दिसत होतं. उजवीकडून दुसरा धावत आला आणि तिच्या काचेवर बोटं आपटायला लागला.

"मॅडम, पाय गेला त्याचा. उतरा. उतरा खाली."

तिचा हात काचेच्या बटणाकडे गेला. काच दोन बोटं खाली आली.

"काच वर," बुधाजी म्हणाले. आवाज चढवला नव्हता. "वर घे. हॉर्नवर हात ठेव, उचलू नकोस. हे बघ, पुढे जागा किती आहे?"

काच वर गेली. हॉर्नचा आवाज भिंतीवर आपटून परत येत होता. तो माणूस तिच्या खिडकीपाशी उरला नाही. आरशात तिला त्याचा हात दिसला, मागच्या दाराच्या हँडलवर. आत मनवा, मांडीवर हात घट्ट दाबून, त्या हाताकडे बघत होती. हँडल एकदा उचललं गेलं. परत एकदा.

"जागा आहे," प्रिती म्हणाली.

"मग जा. स्कूटरच्या उजवीकडून. माणूस नाही ना तिथे? बघ आणि जा."

तिने बघितलं आणि ती गेली. उजवा आरसा भिंतीला घासून मिटला. गल्ली संपली, मोठा रस्ता लागला, बस, माणसं, फुलवाली, सगळं जागच्या जागी होतं.

"आता घरी नाही, डॉक्टरकडे नाही," बुधाजी म्हणाले. "चौकीत. शंकेच्या जागी थांबायचं नाही, पण पळूनही जायचं नाही."

चौकीतल्या हवालदाराने पेन उघडलं. "लागलं कोणाला?"

"माहीत नाही," प्रिती म्हणाली.

"चोरी झाली?"

"नाही."

"मग लिहू काय, बाई?"

तरी तो उठला. गाडीभोवती एक फेरी मारली. डावीकडच्या पत्र्यावर धुळीत पाच बोटांचा पंजा उमटला होता.

"लुटणारे हाताने थाप मारून असा आवाज काढतात," बुधाजी म्हणाले.

"पडताना माणूस आधारालाही हात टेकतो, काका." हवालदार खाली वाकला. गाडीवर आधीचेच इतके ओरखडे होते, की त्यात नवा कुठला हे गाडीनेच सांगायला हवं होतं.

त्याच्या मोटारसायकलमागे ते परत गल्लीशी गेले. आत कुणी नव्हतं. तोंडाशी एक इस्त्रीवाला होता.

"लंगडत गेला ना," तो म्हणाला. "दोघं धरून घेऊन गेले त्याला."

"वळणापर्यंत लंगडत होता?" बुधाजींनी विचारलं. "का पुढे नीट चालायला लागला?"

"पुढचं मला कसं दिसणार, काका? मी इथे इस्त्री करतोय."

हवालदाराने जवळच्या हॉस्पिटलच्या अपघात विभागात फोन लावला. पायाचा कुणी आला नव्हता. "अजून आला नाही," असं तिथली नर्स म्हणाली, आणि त्याने ते तसंच्या तसं सांगितलं.

"पण तो मागचं दार उघडत होता," प्रिती म्हणाली. "माझी मुलगी होती तिथे."

"लुटणारा मागचंच दार उघडतो, बाई. आणि जखमीला हॉस्पिटलात न्यायचं तरी मागचंच दार उघडतात." त्याने वही मिटली. "चौकीत आलात ते बरं केलं. नंबर लिहून ठेवलाय. कुणी आलं तर फोन करतो."

गाडीत बसल्यावर प्रितीने पट्टा लावला. मग बुधाजींनी घसा खाकरला. "मी म्हटलं होतं, मोठा रस्ता..."

"म्हटलं होतंत. काच वर घे हेही म्हटलं होतंत, सगळं म्हटलं होतंत." तिचा आवाज इतका बारीक झाला की तिचा तिलाच ओळखू येईना. "आता एवढंच सांगा. मागे कोण, बाजूला कोण, त्याचा हात कुठे. डावीकडे तुम्ही बसला होतात. गाडी लागली का त्याला?"

बुधाजींनी पट्टीला हात लावला. "ह्या बाजूचं मला काहीच दिसत नव्हतं गं."

चाळीस वर्षांत हे वाक्य त्यांनी कधी उच्चारलं नसावं. प्रितीला एकदम त्यांची कीव आली, आणि कीव आली म्हणून पुन्हा राग आला.

"तिघं धड आहोत," ते म्हणाले. "मी असतो तर मीही हेच केलं असतं."

"आणि मग रात्री झोपला असतात?"

बुधाजींनी मागे वळून मनवाच्या गुडघ्यावर थोपटलं.

दवाखान्याच्या दारात प्रितीने इंजिन बंद केलं. मागे वळून मनवाचा पट्टा सोडवला, तिच्या घामेजल्या कपाळावरचे केस मागे सारले. पोरगी अजिबात रडली नव्हती. तिचं काहीतरी चाललं होतं, ओठ हलत होते.

"आई," ती म्हणाली, "मी खोटं खोटं पडले तरी तसंच ओरडते. पाय, पाय, असंच. मग खरं लागलेला माणूस कसा ओरडतो?"