अठरा वॉट

काटा दीडवर आला आणि तिथेच थरथरत राहिला — बारीक, काळा, टोकाशी किंचित वाकलेला — आणि त्याच्याकडे पाहता पाहता, आपण नेमकं काय मोजायला बसलोय हेच तो क्षणभर विसरला. हां... दीड अँपिअर. शेजारच्या मीटरवर बारा व्होल्ट. बाराला दीडने भागलं की आठ, हा तारेचा रोध. बाराला दीडने गुणलं की अठरा, ही तिची ऊब. अठरा वॉट म्हणजे काय, नुसतं कोमट! टेबलावर ताईसाठी शिवलेला पट्टा, दोन कापडांमध्ये नागमोडी तार घातलेला, दुपारच्या उन्हात निवांत पसरला होता आणि भोवती दुकानात दुरुस्तीला आलेल्या लोकांच्या इस्त्र्या, शेगड्या, गिझर पोटं उघडून पडले होते. उभा जन्म लोकांचं पाणी तापवण्यात गेला त्याचा.

पण कोमटच हवं होतं. थोरल्या बहिणीचे पाय साखरेने बधिर केले होते. गेल्या महिन्यात गरम पाण्याच्या पिशवीने टाच भाजली, टरारून फोड आला, तरी बाईसाहेब आपल्या पेपर वाचत बसलेल्या — फोड दिसला तो त्याच्या बायकोला, दुसऱ्या दिवशी, पाय पुसताना. चटका कळत नाही, आणि गारठा मात्र कळतो! पाय माझे बर्फ झालेत रे, म्हणते. डॉक्टर म्हणाले, तो गारठा पायांत नाही, डोक्यात आहे. शेक देऊ नका. मग मी पट्टा काय तिच्या उशीखाली ठेवू?... अखेर अंगाच्या उबेच्या वर जाऊ देणार नाही, या बोलीवर ते कसेबसे कबूल झाले होते.

काटा थरथरत होता. वाफ... कुठली वाफ? न्हाणीघरातली. आई गेल्यावर ताईच आंघोळ घालायची त्याला. बादलीत आधी आपलं कोपर बुडवायची, डोळे मिटून जरा थांबायची, आणि मगच तांब्या भरायची. कधी चटका बसला नाही, कधी काकडलो नाही... तिचं कोपर जे सांगायचं ते सांगायला आता त्याला दोन मीटर लागत होते, आणि तरी धाकधूक होतीच.

आणि सवय मेली जात नाही. पट्ट्याला त्याने बटण लावलं होतं दोन टप्प्यांचं, दुकानातल्या प्रत्येक शेगडीला असतं तसं. दुसऱ्या टप्प्यावर अर्धीच तार चालू व्हायची. आठाचे चार ओहम, दीडचे तीन अँपिअर, अठराचे छत्तीस वॉट. कशाला लावलं? काढून टाकायला हवं होतं, हे त्याला पट्टा घेऊन घरी जाताना रस्ताभर वाटत राहिलं, आणि तरी तो परत फिरला नाही.

ताई पलंगावर उशीला टेकून बसली होती. त्याने तिचे पाय उचलून पट्ट्यावर ठेवले, वर पांघरूण घातलं, बटण पहिल्या टप्प्यावर केलं. खिडकीतलं ऊन भिंतीवरून सरकत होतं.

"लागतंय का गं काही?"

"काही नाही." मग जरा वेळाने, "अरे छोट्या, अजून थोडी तार घालायची! कंजूष मेला."

"तार वाढवली की ऊब कमी होते, ताई."

"तुझं सगळं उलटंच." ती हसली, आणि मग तिचा चेहरा एकदम उतरला. "वाढव रे. बघ तरी. एकदा बरं वाटू दे."

त्याचा अंगठा बटणावर गेला. छत्तीस म्हणजे काही भट्टी नव्हे... तिने एकदा म्हणावं, आलं रे, कळलं. एवढंच हवंय मला, बाकी काही नको... पण अशीच टाच भाजली होती, आणि तेव्हाही ती काही म्हणाली नव्हती.

"नाही वाढवणार," तो म्हणाला. आवाज नको तितका मोठा निघाला.

ताईने भिंतीकडे तोंड फिरवलं, डोळे मिटले. त्याला स्वतःचाच राग आला, तिचाही आला. उठून जावं तर पाय निघेनात. शेवटी चपला काढून तो पलंगाच्या दुसऱ्या टोकाला टेकला आणि त्याने आपलेही पाय त्याच पांघरुणात सारले.

"अगं बाई! किती गार पाय रे हे तुझे!"

डोळे मिटलेलेच होते तिचे. कळलं?... की पिंढरीला लागले, जिथे अजून कळतं? की लहानपणी एकाच पांघरुणात झोपायचो तेव्हाचं काही तोंडातून आलं? डॉक्टर करतात तसं करता आलं असतं: तळव्याला बोट लावायचं, विचारायचं, आता कुठे लावलं सांग. एका मिनिटात निकाल लागला असता. त्याचा हात पांघरुणापर्यंत गेला.

"काढू नकोस," ती म्हणाली. "ठेव असेच. तापतील."

हात तिथेच थांबला. आनंद म्हणावा तर छातीत धडधडत होतं, भीती म्हणावी तर हलावंसं वाटत नव्हतं... आणि विचारायचं नाही, एवढंच त्याला पक्कं कळलं.