सातवी ताटली

ओदिलियानं ताटलीत पळीभरापेक्षाही कमी काळा घेवडा वाढला, वरून पातळ रस सोडला आणि ताटली वजनकाट्यावर ठेवली.

शाळेच्या वर्गात सकाळपासून हेच चाललं होतं. वाढायचं, तोलायचं, फोटो काढायचा. किती जेवता म्हणून विचारलं की लोक ‘बेताचं’ म्हणतात, नाहीतर ‘पोटभर’. त्यातून काही कळत नाही. म्हणून वाहाका शहरातल्या डॉक्टर रेनाता एक पुस्तक करत होत्या. एकाच पदार्थाच्या लहानमोठ्या ताटल्यांचे फोटो, ज्याला त्याला आपल्या ताटलीवर बोट ठेवता यावं असे. गावची लग्नकार्यं रांधणाऱ्या ओदिलियाला त्यांनी हाताशी घेतलं होतं. सगळ्यात मोठ्या ताटलीपासून उतरत उतरत ती सातवीवर आली होती.

“अगं, ही तर चव बघण्यापुरती झाली,” डॉक्टरीणबाई हसल्या.

“माझ्या वहिनीचं जेवण आहे ते. सोबत मक्याच्या दोन तोर्तिया.”

“रोज?”

“रोज.”

बाईंचं हसू मावळलं. त्यांनी वजन लिहून घेतलं, फोटो काढला. वहिनीसाठी आपल्या हातून काहीतरी झालं, असं वाटून ओदिलिया त्या दिवशी हलक्या पावलांनी घरी गेली.

वहिनी, म्हणजे फाउस्ता, वर टेकडीला राहायची. नवरा गेल्यापासून एकटीच. ताडाच्या पातीच्या टोप्या विणायची आणि त्यावर भागवायची.

पुढच्या वर्षी पुस्तक छापून आलं. ते घेऊन डॉक्टरीणबाईंनी पाठवलेली इत्सेल नावाची मुलगी घरोघर विचारत निघाली आणि वाट दाखवायला ओदिलिया तिच्यासोबत गेली. गावात सरकारी स्वयंपाकघर निघणार होतं. तिथं कोणाला जेवण मिळायचं, ते या उत्तरांवर ठरणार होतं. ओदिलियानं चालता चालता घेवड्याचं पान उघडलं. फोटो सहाच होते.

“एक कुठं गेला?”

“इतकं कमी खाणारे फारच थोडे निघाले, म्हणून गाळला. त्यांनी त्यातल्या त्यात जवळचा निवडायचा.”

“ज्यांना गरज, त्यांनाच गाळलंत होय?”

इत्सेलनं खांदे उडवले.

फाउस्ता उंबऱ्याशी विणत बसली होती. इत्सेलनं पुस्तक तिच्या मांडीवर उघडून ठेवलं. फाउस्तानं एकेक फोटो नीट पाहिला. तिचं बोट पहिल्या, सर्वांत लहान ताटलीपाशी येऊन घुटमळलं.

ओदिलियाला राहवलं नाही.

“तिची ताटली यात नाहीच! याहून निम्मी असते. मी स्वतः वाढून दाखवली होती डॉक्टरीणबाईंना. वहिनीचं जेवण म्हणून सांगितलं, त्यांनी फोटोसुद्धा काढला. लिही तू तसं.”

फाउस्तानं मान वर केली.

“माझं नाव सांगितलंस?”

“नाव नाही गं. वहिनी म्हटलं.”

“तुला वहिनी किती आहेत?”

फाउस्ताचं बोट सरकत सरकत शेवटच्या, शिगोशीग भरलेल्या ताटलीवर गेलं.

“ही. आणि सहा तोर्तिया.”

“वहिनी, असं काय करतेस! यादीत नाव यायचं नाही तुझं.”

“लिही बाई,” फाउस्ता इत्सेलला म्हणाली.

इत्सेलनं दोघींकडे पाहिलं. नियम एकच होता. बोट जिथं, तिथली खूण. तिनं खूण केली, पुस्तक मिटलं आणि ती पायवाटेनं उतरू लागली.

ओदिलिया मागं थांबली.

“तुझ्या भल्यासाठीच बोलले गं मी.”

फाउस्तानं पुन्हा विणायला घेतलं.

“तुझा भाऊ जाऊन सात वर्षं झाली,” ती वर न बघता म्हणाली. “माझ्या पानात किती पडतं, हे तुला इतकं नेमकं ठाऊक होतं. एकदा तरी ‘जेवायला ये’ म्हणाली असतीस.”

खालून इत्सेलनं हाक मारली, पुढचं घर कोणतं म्हणून. ओदिलियाला घर आठवेना.