कोऱ्या मनाच्या बाई

नव्या बाई प्रशिक्षणात पहिल्या आल्या होत्या, त्यामुळे त्यांचे पाय जमिनीवर ठरत नव्हते. निवृत्त होणाऱ्या बाईंनी जाताना चौथीच्या वर्गाची एक वही त्यांच्या हातात दिली. एकेका मुलाविषयी अर्धं पान लिहून ठेवायची त्यांची जुनी सवय. "सवडीनं वाचा हं," त्या म्हणाल्या. नव्या बाई गोड हसल्या आणि वही कपाटात टाकून मोकळ्या झाल्या. "मला मुलांकडे कोऱ्या मनानं बघायचंय," असं शिक्षकांच्या खोलीत चारचौघांत सांगितलंही. उचलली जीभ, लावली टाळ्याला!

महिनाभर बरं चाललं. एक शिंप्याची मुलगी तेवढी खटकायची. पहिल्या बाकावर बसून सारखी शेजारणीच्या वहीत डोकवायची. बाईंनी तिला उचलून शेवटच्या बाकावर, भिंतीशी, एकटीला बसवलं. मुलगी दप्तर उचलून मागं गेली. मग तर तिची वही रिकामीच राहू लागली. बाईंनी लाल शाईत शेरा मारला: 'मुद्दाम लक्ष देत नाही.' 'मुद्दाम'खाली रेघसुद्धा ओढली.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तिचा बाप धावत आला. गळ्यातली मापाची पट्टी काढायचंही भान नव्हतं.

"माफ करा बाई. पुन्हा तक्रार येणार नाही. काल चांगली बदडली तिला."

"अहो, मारलंत कशाला?"

"मग काय करू? डावा कान बंद आहे तिचा, उजव्यानं बेताचंच ऐकू येतं. सांगायची लाज वाटते पोरीला. जुन्या बाई म्हणाल्या, वहीत लिहून ठेवते, नव्या बाई पुढंच बसवतील. पुढं बसूनही मुद्दाम लक्ष देत नाही म्हटल्यावर माझा हात उठला."

बाईंना कपाटातली वही आठवली. 'वही मिळालीच नाही' हे वाक्य अगदी जिभेच्या टोकावर आलं. जुन्या बाईंना विचारायला कोण जातंय? आपल्याला हे सुचलं तरी कसं, याचीच त्यांना जास्त लाज वाटली.

"वही मिळाली होती," त्या खाली मान घालून म्हणाल्या. "मी उघडलीच नाही. तिला मागं मीच बसवलं. तिचं काही चुकलं नव्हतं हो."

शिंपी बाकावर बसला. आता हा चांगलं फैलावर घेईल, असं बाईंना वाटलं. घ्यावं, असंही वाटलं.

"मारल्यावर मी विचारलं होतं तिला," तो म्हणाला, "बाई नीट शिकवत नाहीत का गं? तर म्हणाली, बाई छान शिकवतात, मीच ढ आहे."