आवाजाची वही

करवत किंचाळली तसे कंट्रोलरनी पेनाचे टोपण काढले. दुपारचे दोन वाजून चाळीस मिनिटे. आवाजाचा प्रकार: मशीन. तीस वर्षे बस डेपोत गाड्यांच्या वेळा लिहिलेला माणूस. निवृत्त झाला तरी गावाने 'कंट्रोलर' हे नाव सोडले नव्हते.

आतल्या खोलीत बायको कानांत कापूस घालून पडली होती. ती हॉस्पिटलात नर्स, कायमची रात्रपाळी. मागच्या महिन्यात ड्युटीवर तिचा डोळा लागला आणि मेमो मिळाला. आणखी एक मेमो, की नोकरी गेली. आणि इथे भिंतीला भिंत लावून मिस्त्री दिवसभर लाकडे कापत बसलेला!

कंट्रोलरनी कुठे खेटे घातले नव्हते? चौकीतला हवालदार हसला. "दिवसा कोण झोपतं हो? रात्री आवाज झाला तर या." गावच्या कचेरीने मिस्त्रीचा परवाना तपासला, तर तो चोख निघाला. शेवटी वकीलबाई म्हणाल्या, "दावा लावू. पण पुरावा पाहिजे. तारीख, वेळ, आवाजाचा प्रकार. रोज लिहा, एक दिवस चुकवू नका." हे काम म्हणजे कंट्रोलरच्या हातचा मळ.

वहीचा पत्ता लागल्यापासून मिस्त्री मुद्दाम दारात येऊन ओरडायचा. "ओ कंट्रोलर! घ्या, ही पण लिहा!" आणि एक सणसणीत शिवी. कंट्रोलर तीही लिहायचे.

"तो मेला तरी मी तिकडे पाऊल टाकणार नाही," त्यांनी बायकोला सांगून टाकले होते.

"अहो, असं बोलू नये."

"तू झोप."

त्या दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी करवत मध्येच थांबली. पाठोपाठ ओरडा आला. "ओ कंट्रोलर! कंट्रोलर!" त्यांनी ओठ आवळून लिहिले: ३.१२, शिवीगाळ. ३.१५, पुन्हा शिवीगाळ. मग सगळे शांत झाले. आज ही पोटभर झोपेल, या विचाराने त्यांना फार बरे वाटले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मिस्त्रीची बायको दारात उभी राहिली. डोळे सुजलेले.

"करवतीत हात गेला त्यांचा. मी चारला शेतावरून आले, तेव्हा रक्तात पडले होते. शहरातल्या मोठ्या दवाखान्यात नेलंय, डॉक्टर अजून काही सांगत नाहीत. हवालदार विचारतोय, किती वाजता झालं. तुमच्या वहीत असेल ना?"

कंट्रोलर जागचे हलले नाहीत. आतून बायको उठून आली, कानांतला कापूस काढत.

"द्या ना हो वही."

त्यांनी दिली. मिस्त्रीच्या बायकोने ओळीवर बोट ठेवून वाचले.

"शिवीगाळ?" ती म्हणाली. "मध्ये शुद्ध आली तेव्हा सांगत होते, कंट्रोलरना हाका मारल्या. बाईंना उठवा म्हणून. बाई नर्स आहेत ना, म्हणून."

कंट्रोलरच्या बायकोने त्यांच्याकडे पाहिलेसुद्धा नाही. मुठीतला कापूस तिने उघड्या वहीवर ठेवला, चपला घातल्या आणि मिस्त्रीच्या बायकोचा दंड धरून ती बाहेर पडली.

कंट्रोलर खुर्चीत बसून राहिले. दोन वाजून चाळीस मिनिटे झाली होती. भिंतीपलीकडे कसलाही आवाज नव्हता.